डार्क वेबवरचा गुन्हा कोर्टात मोजायचा कसा?

डार्क वेबवर बसून धंदा करणारा माणूस सापडतच नाही असं छातीठोकपणे सांगणारे बरेच जण भेटतात. सापडतो की, आजवर कितीतरी सापडलेत. खरी अडचण पुढे सुरू होते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पडद्यामागचा माणूस हाच होता हे कोर्टात दाखवायचं कसं, त्याला पकडायला पोलिसांनी जे केलं ते कायद्यात बसतं का, आणि हे सगळं पार पडलं तरी शिक्षा किती द्यायची? कारण कोर्टाची नेहमीची मापं म्हणजे किती किलो माल, किती पैसे, कुठल्या हद्दीत, कुणाच्या हातून, आणि यातलं एकही माप इथे धड लागू पडत नाही. हे समजून घ्यायला मला सिल्क रोड या डार्क वेबवरच्या बाजाराची केस सगळ्यात बरी वाटते, कारण तिचे बहुतेक कागद उघड झालेत आणि तिचं शेपूट पार २०२५ पर्यंत लांबलं.

आधी डार्क वेब म्हणजे काय ते दोन मिनिटांत. समजा साताऱ्याहून नागपूरला पत्र धाडायचंय, पण कुणी कुणाला पाठवलं हे वाटेत कुणालाच कळायला नको. मग तुम्ही पत्र एका पाकिटात घालता, ते पाकीट दुसऱ्यात, ते तिसऱ्यात. सोलापूरचा माणूस वरचं पाकीट फोडतो, आत फक्त लातूरचा पत्ता, तो पुढे पाठवतो, लातूरवाला दुसरं फोडतो, आत नांदेड, आणि नांदेडवाला शेवटचं फोडून पत्र नागपूरला पोचवतो. सोलापूरवाल्याला सातारा माहीत पण नागपूर नाही, नांदेडवाल्याला नागपूर माहीत पण सातारा नाही, आणि मधल्या लातूरवाल्याला दोन्ही टोकं माहीत नाहीत. टॉर नावाचं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं, एकावर एक पापुद्रे म्हणून त्याच्या पत्त्यांच्या शेवटी डॉट अनियन, म्हणजे कांदा. डार्क वेबवरची साईटसुद्धा आपल्या बाजूने अशीच साखळी लावून बसलेली असते, त्यामुळे गिऱ्हाईकाला दुकान कुठे आहे ते कळत नाही आणि दुकानदाराला गिऱ्हाईक. या तंत्राची मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतली, १९९०च्या दशकातली, आणि टॉर वापरणं हा गुन्हा नाही, दडपशाहीच्या देशांतले पत्रकार त्याच्याच भरवशावर काम करतात. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर टॉरचं नाव काढलं की माणूस संशयित अशी समजूत होते.

सिल्क रोड २०११ च्या सुरुवातीला उघडलं. मुख्यतः ड्रग्जचा बाजार, पैसे बिटकॉइनमध्ये, विक्रेत्यांना रेटिंग, माल साध्या टपालाने घरपोच. चालवणारा स्वतःला ड्रेड पायरेट रॉबर्ट्स म्हणवायचा आणि प्रत्येक सौद्यावर कमिशन घ्यायचा. अमेरिकेतल्या तीन-चार तपास यंत्रणा मागे लागल्या होत्या तरी अडीच वर्षं तो कोण हे कळत नव्हतं.

शेवटी कळलं ते कसं? टॉर फोडून नाही. न्यूयॉर्कमध्ये आयकर खात्याचे तपास अधिकारी होते गॅरी अल्फर्ड, त्यांनी साधा विचार केला की कुठलंही नवीन दुकान उघडलं की पहिली जाहिरात मालक स्वतःच करतो. मग त्यांनी गूगलवर तारखा मागे नेत नेत सिल्क रोडचा सगळ्यात जुना उल्लेख शोधला, तो सापडला जानेवारी २०११ चा, मशरूमवाल्यांच्या एका फोरमवर, आल्टॉइड नावाच्या खात्यावरून. त्याच नावाच्या माणसाने काही महिन्यांनी बिटकॉइनच्या फोरमवर आयटीतला जाणकार पाहिजे अशी जाहिरात टाकली होती आणि संपर्कासाठी चक्क स्वतःचा जीमेल पत्ता दिला होता. रॉस उल्ब्रिक्ट, पूर्ण नावासकट. ही गोष्ट २०१३ च्या उन्हाळ्यातली, आणि अल्फर्ड हे नाव घेऊन सांगत होते तरी बाकीच्यांनी ते मनावर घ्यायला सप्टेंबर उजाडला. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, एवढ्या यंत्रणा, एवढी साधनं, आणि धागा सापडला तो एका माणसाच्या चिकाटीला, त्यातही तो काही महिने तसाच पडून राहिला कारण एका खात्याचं दुसऱ्या खात्यापर्यंत पोचत नव्हतं.

मग बाकीचे तुकडे जुळत गेले. उल्ब्रिक्टने प्रोग्रामर लोकांच्या एका साईटवर स्वतःच्या नावाने प्रश्न विचारला होता की टॉरवरच्या छुप्या साईटला कोडमधून कसं जोडायचं, आणि मिनिटभरात नाव बदलून फ्रॉस्टी केलं होतं. पुढे सिल्क रोडच्या सर्व्हरवर आत शिरायची जी डिजिटल किल्ली सापडली तिच्या शेवटी हेच फ्रॉस्टी. जुलै २०१३ मध्ये कॅनडाहून आलेल्या एका पाकिटात नऊ बनावट ओळखपत्रं पकडली गेली, सगळ्यांवर त्याचाच फोटो, अधिकारी घरी गेले तर तो म्हणाला सिल्क रोड नावाच्या साईटवरून कुणीही असली ओळखपत्रं मागवू शकतं. तेव्हा त्या अधिकाऱ्यांना आपण कुणाच्या दारात उभे आहोत याची कल्पना नव्हती.

आता मुख्य पेच. नाव कळलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. तो कोर्टात सरळ म्हणू शकतो, जाहिरात मी टाकली असेल, साईट सुरुवातीला मी काढलीही असेल, पण नंतर दुसऱ्याला दिली. आणि पुढे त्याच्या वकिलांनी अगदी हाच बचाव घेतला. म्हणून त्याला साईट चालवत असतानाच धरणं भाग होतं, आणि लॅपटॉप उघडा असतानाच, कारण त्याची डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, होती, झाकण मिटलं की हातात नुसता पत्र्याचा डबा.

१ ऑक्टोबर २०१३, दुपारी तीनच्या सुमारास, सॅन फ्रान्सिस्कोतली ग्लेन पार्कची छोटी सार्वजनिक लायब्ररी. उल्ब्रिक्ट वर जाऊन सायन्स फिक्शनच्या कपाटांजवळच्या टेबलावर बसला. बाहेर जॅरेड डेर-येघियायन नावाचे अधिकारी होते, ते दोनेक महिने सिल्क रोडच्याच स्टाफमध्ये खोट्या नावाने काम करत होते, त्यांनी चॅटवर आपल्या 'मालकाला' विनंती केली की एक तक्रार आलीय, जरा बघता का, म्हणजे तो मालकाच्या खात्यातून आत शिरेल. तो शिरला. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे एक बाई आणि एक पुरुष नवरा-बायको भांडतात तसे मोठमोठ्याने भांडायला लागले, त्याने वळून पाहिलं आणि तेवढ्या क्षणात समोरून कुणीतरी लॅपटॉप ओढून घेतला. स्क्रीनवर सिल्क रोडचं मास्टरमाइंड नावाचं कंट्रोल पान उघडं, आत त्याची डायरी, हिशोब, चॅट आणि सुमारे १,४४,००० बिटकॉइन. केस उभी राहिली ती मुख्यतः या लॅपटॉपवर, त्या दोन-चार सेकंदांवर.

पकडायच्या युक्त्यांना कोर्टात किंमत मोजावी लागते, ती अशी. सिल्क रोडचा सर्व्हर आइसलँडमध्ये सापडला होता. एफबीआयचं म्हणणं, लॉगिन पानाच्या सेटिंगमधल्या चुकीमुळे खरा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा ठावठिकाणा, बाहेर झिरपला आणि आम्हाला दिसला. बऱ्याच जाणकारांना ते पटलं नाही, बचाव पक्षानेही शंका घेतली, पण न्यायाधीशांनी सांगितलं की झडती बेकायदा होती असं म्हणायचं तर हा सर्व्हर माझा होता एवढं तरी आधी म्हणा. उल्ब्रिक्ट ते म्हणायला तयार नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण सर्व्हर नेमका कसा सापडला याची खोलात उलटतपासणी झालीच नाही आणि माझ्या मते हे चांगलं झालं नाही, कारण पुढच्या प्रत्येक केसमध्ये हाच प्रश्न येणार.

आणि यापेक्षा वाईट गोष्ट तर तपासाच्या आतच घडत होती. सिल्क रोडचा तपास करणाऱ्या बाल्टिमोरच्या (मेरीलँड) टीममधले दोघे, कार्ल फोर्स आणि शॉन ब्रिजेस, स्वतःच चोऱ्या करत होते. फोर्स एका खोट्या नावाने उल्ब्रिक्टशी बोलायचा ते ड्युटीचा भाग म्हणून, पण दुसरं एक खोटं खातं काढून तपासाची माहिती त्यालाच पैसे घेऊन विकायचा. ब्रिजेसने पकडलेल्या एका स्टाफच्या खात्यातून सिल्क रोडचे सुमारे २०,००० बिटकॉइन पळवले. दोघांना २०१५ मध्ये साडेसहा आणि जवळपास सहा वर्षांची शिक्षा झाली. पण उल्ब्रिक्टचा खटला चालला तेव्हा फोर्सची चौकशी गुप्त होती, ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना, तिच्याबद्दल एक शब्द कळला नाही. सरकारी पक्षाने त्याच्या तपासातला पुरावा वापरला नव्हता, लॅपटॉप वेगळ्या टीमने पकडला होता, हे सगळं खरं, तरी ज्या साईटवर कोण कोण आहे हेच केसचं मूळ आहे तिथे एक पोलीसच दोन तोंडांनी वावरत होता हे ज्युरीला माहीत असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या केसमध्येही हेच दुखणं वेगळ्या रूपात दिसतं. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य पसरवणारी प्लेपेन नावाची साईट एफबीआयने २०१५ मध्ये ताब्यात घेतली आणि सुमारे दोन आठवडे स्वतः चालवली, येणाऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये छुपा कोड सोडून त्यांचे खरे पत्ते काढले. गुन्हेगार खूप सापडले. पण त्या दोन आठवड्यांत ते साहित्य सरकारी सर्व्हरवरून फिरत राहिलं, ती मुलं खरी होती, हे लिहितानाही त्रास होतो. शिवाय वॉरंट व्हर्जिनियातल्या एका दंडाधिकाऱ्याचं आणि आरोपी देशभर, म्हणून काही न्यायाधीशांनी हद्दीच्या मुद्द्यावर पुरावाच नाकारला, नंतर डिसेंबर २०१६ पासून नियम बदलला. एका केसमध्ये तर कोर्ट म्हणालं तो कोड बचाव पक्षाला दाखवा, आणि कोड उघड करण्यापेक्षा सरकारने केसच मागे घेतली. त्या मानाने डच पोलिसांचं काम मला जास्त पटतं, त्यांनी २०१७ मध्ये हान्सा नावाचा ड्रग्जचा बाजार गुपचूप महिनाभर चालवला, मधेच अमेरिकनांनी अल्फाबे नावाचा तसाच दुसरा बाजार बंद पाडला, तिथली गिऱ्हाइकं पळून हान्सावर आली आणि आयती डचांच्या वहीत नोंदली गेली.

आता शिक्षा. फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्युरीने उल्ब्रिक्टला सातही आरोपांवर दोषी ठरवलं, चार तासही लागले नाहीत. पण किती वर्षं? आधी पैशांचंच बघा. अटकेच्या वेळच्या कागदांत साईटची उलाढाल सुमारे १२० कोटी डॉलर लिहिलेली आहे आणि शेवटी कोर्टाने त्याच्याकडून जी रक्कम जप्त करायला सांगितली ती सुमारे १८ कोटी ३९ लाख डॉलर. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पहिला हिशोब अटकेच्या वेळच्या बिटकॉइनच्या भावाने आणि दुसरा ज्या त्या सौद्याच्या दिवसाच्या भावाने. सोन्याच्या चोरीतही भाव बदलतो, पण असा पटीत नाही.

मग माल. उल्ब्रिक्टने स्वतः साईटवरच्या विक्रेत्यांचा माल हाताळला नव्हता, तरी साईटवरून गेलेला सगळा माल त्याच्या खात्यावर धरला गेला. अमेरिकेत शिक्षेसाठी गुण मोजायचा एक तक्ता असतो, त्याची सगळ्यात वरची पायरी ४३, याचे गुण झाले ५०. त्यात खुनाच्या सुपाऱ्याही होत्या. चॅटमध्ये त्याने काही लोकांना मारायला पैसे दिल्याचं दिसत होतं, बिटकॉइन गेल्याच्या नोंदीही होत्या, पण एकही खून झाला नाही, आणि त्यातली एक सुपारी तर त्याने ज्याला दिली तो होता कार्ल फोर्स. न्यूयॉर्कच्या खटल्यात खुनाचा वेगळा आरोप लावलाच नव्हता, मेरीलँडमध्ये सुपारीचा जो वेगळा आरोप लावला होता तो २०१८ मध्ये मागे घेतला गेला, तरी शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी त्या सुपाऱ्या विचारात घेतल्या. तिथल्या कायद्याला ते चालतं. मला ते अजून पचत नाही, इतका भारी आरोप असेल तर तो लावा आणि ज्युरीपुढे सिद्ध करा.

२९ मे २०१५ ला मॅनहॅटनच्या कोर्टात शिक्षेची सुनावणी झाली तेव्हा दोन पालक बोलायला आले होते. एक बाप बोस्टनच्या मुलाचा. आणि एक आई थेट ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून आलेली, तिचा मुलगा १६ वर्षांचा, शाळेच्या पार्टीनंतर कुणीतरी दिलेलं सिंथेटिक ड्रग घेतलं आणि त्या भरात बाल्कनीतून उडी मारली. सरकारी पक्षाने असे एकूण सहा मृत्यू पुढे ठेवले. बचाव पक्ष म्हणाला हे मृत्यू याच साईटच्या मालाने झाले हे वैद्यकीयदृष्ट्या नक्की सांगता येत नाही, आणि साईटवर एक स्पॅनिश डॉक्टर लोकांना सुरक्षिततेचा सल्ला देत होता, रस्त्यावरच्या गुंडांपेक्षा हे बरंच. उल्ब्रिक्टने पत्रात लिहिलं होतं की माझं तारुण्य गेलं, मधली वर्षंही तुम्ही घ्याल, पण म्हातारपण तेवढं ठेवा. न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी पॅरोलशिवाय जन्मठेप दिली. एक नाही, दोन, आणि वर ४० वर्षं, सगळी एकत्र भोगायची.

बाकीच्यांना काय मिळालं ते बघा. सिल्क रोडवरच्या सगळ्यात मोठ्या विक्रेत्यांपैकी एक, नेदरलँड्सचा कॉर्नेलिस स्लोम्प, माल स्वतः पाठवायचा, त्याला शिकागोत १० वर्षं. उल्ब्रिक्टचा सल्लागार रॉजर क्लार्क, थायलंडमध्ये पकडला, त्याला २०२३ मध्ये २० वर्षं. जेम्स झोंगने २०१२ मध्ये सिल्क रोडमधूनच पन्नास हजारांवर बिटकॉइन चोरले, नऊ वर्षांनी बिटकॉइनच्या उघड्या खातेवहीतला माग काढत पोलीस घरी पोचले तर त्यातला काही भाग बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नच्या डब्यात सापडला, तेव्हाच्या भावाने सगळे मिळून ३३६ कोटी डॉलरचे, त्याला एक वर्ष एक दिवस. उत्तराखंडातल्या हल्द्वानीचा बनमीत सिंग, सिल्क रोड, अल्फाबे आणि हान्सावरून अमेरिकेत फेंटानिल वगैरे पुरवायचा, लंडनमध्ये अटक, गुन्हा कबूल, १५ कोटी डॉलर सरकारजमा आणि शिक्षा पाच वर्षं. कबुली दिली, मदत केली की शिक्षा उतरते हे समजतं. पण दक्षिण कोरियाचं उदाहरण बघितलं की डोकं बधिर होतं, तिथे सोन जोंग-वू नावाचा तरुण लहान मुलांच्या शोषणाच्या व्हिडिओंची वेलकम टू व्हिडिओ ही प्रचंड साईट चालवायचा, ३८ देशांत ३३७ लोकांना अटक झाली, आणि चालवणाऱ्याला तिथल्या कोर्टाने दिलं दीड वर्ष. अमेरिकेने त्याला मागितलं तर जुलै २०२० मध्ये कोरियन कोर्टाने पाठवायला नकार दिला. म्हणजे गुन्हा जगभर पसरलेला आणि माप मात्र ज्या देशात माणूस बसलाय तिथलं.

उल्ब्रिक्टच्या अपिलात २०१७ ला वरच्या कोर्टाने शिक्षा कायम ठेवली, पण त्यात असंही लिहिलं की आमच्यापुढे पहिल्यांदा आलं असतं तर कदाचित आम्ही एवढी दिली नसती. पुढे २१ जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला संपूर्ण माफी दिली, अकरा वर्षांहून जास्त आत काढून तो बाहेर आला. काहींना तो हिरो वाटतो. मला त्या पर्थच्या आईची आठवण होते, आणि तरीही दुहेरी जन्मठेप जास्तच होती असंही वाटतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात.

आपल्याकडे हे सगळं आलं तर? ड्रग्जचा आपला कायदा, एनडीपीएस, ग्रॅमवर चालतो. एलएसडी हे नशेचं ड्रग ०.१ ग्रॅम झालं की व्यावसायिक मात्रा, मग १० ते २० वर्षं आणि जामीन मिळणं महाकठीण. आता डार्क वेबवरून टपालाने येणारं एलएसडी बहुतेक वेळा कागदाच्या तिकिटावर शोषलेलं असतं. वजन नुसत्या एलएसडीचं करायचं की कागदासकट? कागद धरला तर थोड्याच तिकिटांत माणूस दहा वर्षांच्या खान्यात, नाही धरला तर शेकड्याने लागतील. मुंबई हायकोर्टातच यावर दोन्ही बाजूंचे निकाल आलेले आहेत. आणि साईट चालवणारा तर एक ग्रॅमलाही हात लावत नाही, त्याला पैसा पुरवणं किंवा कट या कलमांत बसवावं लागतं, तिथे पुन्हा हाच तो हे सिद्ध करायचा प्रश्न.

तो सिद्ध करायचा रस्ता जालन्यावरून जातो. २०१४ च्या निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरला का यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला, पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यांच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग, आणि त्या सीडींना कायद्याला हवं ते, प्रत कशी आणि कुठल्या यंत्रातून काढली हे सांगणारं प्रमाणपत्र नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला ठरवलं की मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागणारच. आता परदेशातल्या सर्व्हरची प्रत आणली तर त्यावर सही कोण करणार? तिथल्या कंपनीचा माणूस इथे येत नाही, सरकारांमधला पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालतो, आणि सायबर गुन्ह्यांच्या बुडापेस्ट करारात भारत अजून नाही.

म्हणून आपल्याकडे जप्तीचा तो क्षणच जास्त महत्त्वाचा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत, त्यात झडतीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा, आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. ग्लेन पार्कसारखा उघडा लॅपटॉप उद्या एखाद्या हवालदाराच्या हाती लागला तर त्याला झाकण मिटायचं नाही, चार्जर लावायचा, स्क्रीनवर काय दिसतंय ते पंचांसमोर शूट करायचं, तज्ज्ञ येईपर्यंत लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊ द्यायचा नाही, आणि प्रत घेतली की हॅश तिथेच पंचनाम्यात लिहायचा. दोन-तीन वर्षांनी उलटतपासणीत बचावाचा वकील पहिल्यांदा तोच रकाना उघडून बघेल.